इंदूरच्या काळ्या मातीत गडगा: बागेत कोरडी दगडी भिंत हाताने कशी रचावी

आमच्या घरामागे, लिंबाच्या झाडापलीकडे, आधी विटांची भिंत होती. तीन फूट उंच, वर सिमेंटचं प्लास्टर आणि पाया जेमतेम नऊ इंच. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मधोमध तिरकी भेग पडली आणि पुढच्या मे महिन्यात त्या भेगेत माझं बोट जाऊ लागलं. दोनदा भरून घेतली, दोनदा ती पुन्हा उघडली. खाली माळव्याची काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंटच्या भिंतीला तिच्याबरोबर हलता येत नाही, म्हणून ती तडकते.

त्याच जागी आता वीस फुटांचा गडगा उभा आहे. सिमेंट नाही, चुना नाही, मातीचा गारासुद्धा नाही. धाकटा भाऊ आणि मी मिळून एका हिवाळ्यातल्या रविवारी आणि सुट्ट्यांत तो रचला. एकदा अर्ध्यावर आल्यावर उतरवून पुन्हा रचला. त्यानंतर तीन पावसाळे गेले, भिंत जागेवर आहे. माती हलते तेव्हा दगडही केसभर हलतात आणि पुन्हा बसतात.

गडगा हा शब्द इंदुरात फारसा ऐकू येत नाही. मी तो कोकणात मामाकडे ऐकला. तिथे आवाराभोवती, बागेभोवती असे गडगे असतात. "सिमेंटशिवाय भिंत टिकेल का?" हे तुम्हालाही घरातून, शेजारून ऐकावं लागेल. कोरड्या रचाईची ही कला इतकी जुनी आणि जिवंत आहे की २०१८ साली युनेस्कोने क्रोएशिया, ग्रीस, इटली, स्पेन, फ्रान्स, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया आणि सायप्रस या आठ देशांतली तिची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यामुळे टिकण्याची शंका मनात ठेवू नका. नीट रचली तर टिकते. नीट म्हणजे कसं, ते पुढे सांगतो.

१. आधी ठरवा: कुठे आणि किती उंच

पहिल्यांदाच करत असाल तर तीन फुटांच्या वर जाऊ नका. तीन फुटांपर्यंत दगड उचलून ठेवता येतो, चूक झाली तर उतरवता येते आणि कोसळली तरी मोठा अपघात सहसा होत नाही. त्याहून उंच भिंत हवी असेल, किंवा भिंतीच्या एका बाजूला तीन फुटांहून जास्त मातीचा भार येणार असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका.

जागा निवडताना झाडांकडे पाहा. पिंपळ, वड, उंबर यांच्या जवळ भिंत नको. मोठ्या झाडाची मुळं तोडून पाया खणू नका. त्यात झाडाचंही नुकसान आणि भिंतीचंही.

त्यानंतर जमिनीखाली काय आहे ते शोधा. नर्मदेच्या पाण्याची लाईन कुठून येते, ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे, बोरिंगची केबल कुठून गेली आहे. आमच्याकडे बोरिंगची केबल फक्त सहा इंच खोल पुरलेली निघाली. घराचा नकाशा असेल तर काढून बघा, नसेल तर आधी प्रत्येक पाच फुटांवर एक लहान खड्डा हाताने खणून खात्री करा.

काम दिवाळीनंतर सुरू करा. तेव्हा माती ओली-फुगलेली नसते आणि भेगाळलेलीही नसते, म्हणून चर नीट खणता येतो. मे महिन्यात काळी माती विटेसारखी कडक होते आणि ऊनही सोसवत नाही. जूनच्या मध्यानंतर पाऊस कधीही येऊ शकतो. उघड्या चरात पाणी साचलं की त्याचा तळ लोण्यासारखा होतो.

२. कोणते कागद लागतात

भिंत तुमच्याच बागेत, हद्दीपासून आत असेल तर कागदांचा फार व्याप नाही. हद्दीवर किंवा रस्त्याच्या बाजूला असेल तर आधी नगर निगमच्या झोन कार्यालयात, भवन अनुज्ञा शाखेत विचारा, आणि तुमच्या कॉलनीची सोसायटी असेल तर तिला लेखी कळवा. जवळ हे ठेवा:

रजिस्ट्री आणि प्लॉटचा नकाशा, हद्दीची मापं लिहिलेला.
हद्दीवरची भिंत असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती. तोंडी "हो, बांधा की" पुरत नाही. शेजारचं घर विकलं गेलं की नवा मालक ते मानत नाही.
दगडाचं बिल आणि ट्रांझिट पास, म्हणजे खनिज वाहून नेण्याचा परवाना, ज्याला इथे सगळे नुसतं रॉयल्टी म्हणतात.

हा शेवटचा कागद लोक विसरतात. बांधकामाचा दगड कायद्याने गौण खनिज आहे आणि मध्य प्रदेशात त्यासाठी १९९६ चे गौण खनिज नियम आहेत. खाणीतून निघालेल्या गाडीबरोबर पास हवा. गाडीचा क्रमांक, तारीख, खनिजाचं नाव आणि परिमाण त्यावर जुळतंय का पाहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्या पहिल्या पुरवठादाराने "रॉयल्टी उद्या पाठवतो" म्हणून गाडी रिकामी केली आणि तो उद्या कधी आला नाही. दुसऱ्या वेळी पास हातात आल्याशिवाय आम्ही फाटक उघडलं नाही. नदीनाल्यातून, टेकडीवरून किंवा जंगलातून स्वतः दगड उचलून आणू नका, दोन-चार असले तरी.

३. दगड: काय मागायचं आणि काय नाकारायचं

महाराष्ट्रात ज्याला डबर म्हणतात त्याला इथे खंडा किंवा बोल्डर म्हणतात. माळव्याचं पठार काळ्या पाषाणाचं आहे, म्हणजे बेसॉल्टचं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड. सह्याद्रीत आहे तोच. आपल्या पायाखालची काळी मातीही बहुतांशी याच दगडाची झीज होऊन झालेली आहे.

दगड कठीण आहे, जड आहे आणि छिन्नीला सहज दाद देत नाही. म्हणून घडवून बसवण्याच्या भरवशावर राहू नका, मुळातच बरा आकार असलेला दगड घ्या. ग्वाल्हेरकडच्या वालुकाश्माच्या फरश्या निघतात तशा सपाट पट्ट्या इथे मिळत नाहीत. पुरवठादाराला सांगा: फोडलेला खंडा हवा, कोनदार, किमान दोन बाजू सपाट. नदीतले गोल गोटे नकोत. गोल गोट्यांची कोरडी भिंत नवशिक्याने रचूच नये, ते एकमेकांवरून निसटतात.

गाडी उतरवण्याआधी चार-पाच दगडांवर हातोडी मारून ऐका. खणखणीत वाजला तर चांगला. भद्द आवाज आला तर आत तडा आहे किंवा दगड कुजलेला आहे. सुरुंगाने काढलेल्या दगडात डोळ्याला न दिसणारे तडे असतात. पिवळट-तपकिरी साल असलेला दगडही तपासा. साल नखाने किंवा हातोडीने सुटत असेल तर ती सगळी काढून आतला काळा गाभा वापरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत साल गळते आणि वरचा दगड सैल होतो. बारीक भोकं असलेला दगड कठीण असेल तर चालतो, पण पायात आणि माथ्यावर तो घालू नका.

आता किती लागेल ते पाहू. आमची भिंत वीस फूट लांब, जमिनीवर तीन फूट उंच, तळाशी चोवीस इंच रुंद आणि माथ्याशी चौदा इंच. जमिनीवरचा भाग पंचाण्णव घनफूट होतो, जमिनीखालचे पायाचे दगड तीस-पस्तीस घनफूट. म्हणजे भिंत सव्वाशे ते एकशे तीस घनफूट. पण ट्रॉलीत दगड अस्ताव्यस्त पडलेले असतात, त्यांच्यात हवा जास्त असते, आणि थोडे दगड कामाचे निघत नाहीत. म्हणून एकशे सत्तर घनफूट मागवले. तेवढे पुरले आणि थोडे उरले.

ट्रॉली शंभर घनफुटांची आहे असं सांगतात, तरी टेपने मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट भरलेली असेल तर ते नव्वद घनफूट झाले. दोन ट्रॉल्यांत वीस घनफुटांचा फरक पडतो आणि भिंतीचे शेवटचे पाच फूट रचायला दगड कमी पडतो.

त्याच गाडीवाल्याकडून पायासाठी मुरूमही घ्या. वीस फुटांना पंचावन्न-साठ घनफूट.

४. हत्यारे

कुदळ, फावडं, पहार (इथे सब्बल मागा), घमेली (इथे तगारी), चार-पाच किलोचा घण, दीड-दोन किलोची हातोडी, दोन छिन्न्या, धुम्मस (जमीन ठोकायला), टेप, सूत, ओळंबा (उभी रेष तपासायला), पाणसळ (सपाटी तपासायला), हातगाडी आणि दोन जाड फळ्या. लेव्हल लांब अंतरावर न्यायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते.

डोळ्यांवर चष्मा आणि पायात टणक बूट यात तडजोड नको. काळ्या दगडाची चीप फुटते तेव्हा काचेसारखी उडते. हातमोजे घाला, बोटातल्या अंगठ्या काढून ठेवा. एक घनफूट काळा दगड ऐंशी किलोच्या आसपास भरतो. फूटभर लांब, आठ इंच रुंद, सहा इंच जाड असा साधा दिसणारा दगडसुद्धा पंचवीस किलोच्या वर जातो. गुडघे वाकवून उचला आणि जड दगड फळीवरून पहारीने सरकवा.

आणि विंचू. दगडांचा ढीग आठवडाभर पडून राहिला की त्यात विंचू येतो, कधी साप. दगड उचलताना त्याची पलीकडची कड वर करून तो आपल्याकडे कलवा, म्हणजे खालचा जीव आपल्यापासून दूर, पलीकडे निघून जातो. फटीत बोटं घालू नका. ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

५. ढीग लावणं

दगड आले की लगेच रचायला बसू नका. एक पूर्ण दिवस फक्त निवडण्यात घालवा. आम्ही तो दिवस वाचवायला गेलो आणि नंतर चार दिवस गमावले.

पाच ढीग करा. सर्वांत मोठे आणि ओबडधोबड दगड पायासाठी. दीड फुटाहून लांब दगड वेगळे, हे आरपार जातील, यांना हात लावायचा नाही. सपाट आणि जड दगड माथ्यासाठी, यांनाही हात लावायचा नाही. बऱ्या तोंडाचे मध्यम दगड रचाईसाठी. आणि मुठीएवढ्या चिपा भिंतीच्या पोटात, म्हणजे दोन तोंडांमधल्या पोकळीत, भरायला. पहिल्या दोन थरांत सगळे देखणे दगड संपवून टाकण्याचा मोह फार होतो. मग वर मुठीएवढी खडी तेवढी उरते.

ढीग भिंतीच्या रेषेपासून तीन फूट दूर, दोन्ही बाजूंना लावा. मधे चालायला आणि वाकायला जागा राहू द्या.

६. आखणी आणि साचा

दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सूत बांधा. मग लाकडी पट्ट्यांचा साचा करा. त्याचा आकार भिंतीच्या आडव्या छेदाएवढा: खाली चोवीस इंच, वर चौदा इंच, उंची छत्तीस इंच. म्हणजे दोन्ही बाजू छत्तीस इंचांत पाच-पाच इंच आत झुकतात, साधारण सातास एक. एक साचा या टोकाला, एक त्या टोकाला, ओळंब्याने सरळ उभा करून पक्का बांधा. दोन्ही साच्यांमध्ये दोन्ही बाजूंनी सूत ताणा आणि थर चढेल तसं ते वर सरकवा.

हा उतार शोभेसाठी नाही. दोन्ही बाजू एकमेकींकडे झुकलेल्या असल्या की दगडांचं वजन मध्याकडे येतं. सरळ उभ्या कोरड्या भिंतीत एकही दगड बाहेर सरकला तर त्याला परत आत ढकलणारं काही नसतं.

७. चर आणि पाया

काळ्या मातीत सगळ्यात जास्त कष्ट इथे घाला.

चर भिंतीच्या तळाहून दोन्हीकडे तीन-चार इंच जास्त रुंद, म्हणजे अडीच फूट ते बत्तीस इंच, आणि दीड फूट खोल. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर उत्तम, तिथेच थांबा. आमच्याकडे लागला नाही, खाली काळीच होती. वरची सैल, मुळं असलेली माती पूर्ण काढा. ती फेकू नका, शेणखत मिसळून वाफ्यांना घाला. बागेला याहून चांगली माती विकत मिळत नाही.

आता चरात नऊ इंच मुरूम. एकदम ओतू नका. चार इंच टाका, पाणी शिंपडा, धुम्मसाने ठोका, मग पुढचा थर. ओला मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, इतपतच पाणी. ठोकल्यावर टाच मारून पाहा, खळगा पडत असेल तर अजून ठोका.

इथे एक सापळा आहे, त्यात आम्ही स्वतः सापडलो. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून पहिल्यांदा चरात आम्ही जाड गिट्टी भरली होती. निचऱ्याचं तत्त्व बरोबर, पण काळ्या मातीत गिट्टीचा चर म्हणजे पाण्याची टाकी. पाणी गिट्टीत उतरतं आणि तिथेच थांबतं, कारण भोवतालची चिकण माती ते पुढे जाऊ देत नाही. मग तीच माती पायाजवळ सर्वांत जास्त फुगते. गिट्टीत शिरलेलं पाणी बाहेर नेणारा उताराचा पाईप किंवा चर असेल तरच गिट्टी भरा. नसेल तर ठोकलेला मुरूम बरा, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला बाहेर जाणारा हलका उतार द्या.

मुरुमावर सर्वांत मोठे दगड बसवा. सपाट बाजू वर. खाली पोकळी राहत असेल तर दगड उचलून मुरूम कोरा आणि पुन्हा बसवा. दगडाच्या वर उभे राहून दोन्ही पायांवर वजन बदला. डुलला तर तो बसलेला नाही. पायाचा एक दगड डुलत राहिला तर त्याच्या डोक्यावरचे सगळे थर डुलतील. पायाचे दगड जमिनीच्या पातळीपर्यंत आले की कडेची फट मुरुमाने भरून ठोकून घ्या.

८. रचाई

प्रत्येक दगडाला तोंड असतं आणि शेपूट असतं. तोंड बाहेर, शेपूट भिंतीच्या आत. लांब बाजू आत गेली पाहिजे. लांब दगड दर्शनी बाजूला आडवा ठेवला की भिंत पटकन भरते आणि छान दिसते, पण तो दगड केवळ चार इंचांवर तोललेला असतो. कोरड्या भिंतीत ही चूक सर्वांत जास्त होते, कारण ती केलेली बाहेरून कळत नाही.

दुसरा नियम सांधेमोडीचा. खालच्या दोन दगडांमधल्या दर्जेवर, म्हणजे सांध्याच्या फटीवर, वरचा दगड बसला पाहिजे. म्हणजे एकावर दोन आणि दोनांवर एक. दर्ज सलग दोन थर उभी गेली तर थांबा आणि काढून पुन्हा बसवा. सलग उभी दर्ज म्हणजे आधीच पाडून ठेवलेली भेग.

तिसरा नियम: दगड झोपवा, उभा करू नका. कमीत कमी तीन ठिकाणी टेकला पाहिजे आणि हाताने दाबल्यावर हलता कामा नये. हलत असेल तर खाली चीप द्या, पण ती आतल्या बाजूने. बाहेरच्या फटीत ठोकलेली पाचर दिसायला घट्ट असते. ऊन-पावसाने दगड थोडे हलले की ती निसटून पायाशी पडते.

भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, समोरासमोर. दोन्ही बाजूंचे थर बरोबरीने चढवा आणि मधलं पोट प्रत्येक थरानंतर लगेच भरा. पोटात चिपा हाताने, एकेक करून, घट्ट बसवायच्या. फावड्याने ओतायच्या नाहीत. आणि माती तर अजिबात नाही. आमच्या पहिल्या रचाईत दोन फुटांपर्यंत पोचायची घाई झाली, चिपा संपल्या, म्हणून आम्ही पोटात चरातली काळी माती लोटली. जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, मोठाही नव्हता. आठ दिवसांनी भिंतीला बागेच्या बाजूने पोट सुटलेलं दिसलं, सुतापासून दीड इंच बाहेर. आतली माती फुगली होती आणि तिने तोंडाचे दगड बाहेर ढकलले होते. आम्ही सात फूट लांबीचा भाग पायापर्यंत उतरवला. दुःख झालं, पण उतरवताना जे कळलं ते रचताना कळलं नव्हतं: ज्या दगडांचं शेपूट लांब होतं ते हलले नव्हते, आडवे दाखवलेले सगळे बाहेर आले होते.

चिपा कमी पडल्या तर खराब दगड घणाने फोडा. घण मारण्याआधी दगड फिरवून त्यातली नैसर्गिक रेघ शोधा आणि तिच्यावर मारा. रेघ नसलेल्या काळ्या दगडावर दहा घाव घालून हात दुखवून घेऊ नका, तो दगड तसाच पायात किंवा पोटात जाऊ द्या.

एक दगड हातात घेतला की त्याची जागा शोधा, शक्यतो तो परत ढिगावर टाकू नका. ही जुनी शिस्त आहे. सुरुवातीला जमत नाही, प्रत्येक दगड तीनदा उचलला जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळा बसतो आणि जागा पाहिली की ढिगातला दगड आपोआप दिसायला लागतो. नवशिक्या दोघांनी दिवसाला पाच-सहा चौरस फूट तोंड रचलं तरी ते चांगलं काम समजा.

९. आरपार दगड

दीड फूट उंचीवर आलात की बाजूला ठेवलेले लांब दगड काढा. हे भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जातात आणि दोन्ही बाजूंना एकमेकींना बांधून ठेवतात. त्या उंचीवर आमच्या भिंतीची रुंदी एकोणीस इंच होती. दर तीन फुटांवर एक, म्हणजे वीस फुटांना सहा-सात दगड. हे नसतील तर दोन बाजू कालांतराने एकमेकींपासून सुटतात.

एकोणीस इंचांचा बेसॉल्ट सहज मिळत नाही. आम्हाला चारच मिळाले. उरलेल्या तीन जागी दोन-दोन लांब दगड शेजारी शेजारी बसवले, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने, दोघांचंही शेपूट रुंदीच्या दोन तृतीयांशाहून जास्त आत आणि वर एक जड दगड दोघांवर टेकलेला. ही तडजोड आहे, पण चालणारी. आरपार दगडाचं टोक बाहेर दोन इंच आलं तरी फोडू नका, राहू द्या.

१०. टोकं आणि माथा

भिंतीची दोन्ही टोकं तिचे कमकुवत भाग, कारण तिथे शेजारचा आधार नसतो. तिथे जड, चौकोनी दगड वापरा: एक थर लांबीत, पुढचा थर रुंदीत, पुन्हा लांबीत. इंदूरच्या जुन्या घडीव बांधकामात कोपऱ्याचा दगड कसा बसवला आहे ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी जाऊन एकदा निरखून या. राजवाड्याचे खालचे तीन मजलेही दगडाचेच आहेत. ते काम घडीव आणि आपलं ओबडधोबड, पण एकमेकांत अडकवलेले सांधे बघितले की पुढचं हाताला सोपं जातं.

माथ्यासाठी राखून ठेवलेले सपाट, जड दगड दोन्ही तोंडांना झाकतील असे आडवे ठेवा. घट्ट, एकाला एक चिकटून, आणि शेवटी मधल्या फटीत वरून चिपा ठोका. घरात लहान मुलं असतील, ती भिंतीवर चढणारच. अशा वेळी फक्त माथ्याचे दगड चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवले तरी माझी हरकत नाही. बाकीची भिंत कोरडीच राहू द्या.

११. मागे माती असेल तर

बागेत दोन पातळ्या असतील आणि भिंत माती अडवणार असेल तर रचाई तीच, पण दर्शनी तोंड मातीकडे थोडं जास्त झुकवा आणि दगडही किंचित मागे कलते बसवा. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको, दोन तृतीयांश असेल तर उत्तम. भिंतीच्या मागे फूटभर रुंदीत गिट्टी भरा. इथे गिट्टी चालते, कारण कोरड्या भिंतीच्या फटींतून पाणी पुढे निघून जातं, वेगळी भोकं ठेवावी लागत नाहीत. गिट्टी आणि काळी माती यांच्या मधे जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड घाला, नाहीतर दोन पावसाळ्यांत माती गिट्टीत शिरते आणि पाणी अडतं.

१२. पाणी घालण्याची सवय बदला

याकडे कुणी लक्ष देत नाही. आमची विटांची भिंत तडकली त्यामागे हेही कारण होतं: एका बाजूला रोज पाणी मिळणारी हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला कोरडी फरशी. एकीकडची माती बारा महिने फुगलेली, दुसरीकडची आकसलेली. भिंतीपासून तीन फुटांच्या आत झाडांची आळी करू नका, गच्चीचा पाईप तिथे सोडू नका, ठिबकची नळी तिच्या पायाशी टाकू नका. भिंतीलगत लावायचंच असेल तर कोरफड, पानफुटी असं कमी पाण्यावर जगणारं लावा.

१३. पहिला पावसाळा

जूनच्या आधी माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून एक फोटो काढा. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तसंच करा. अर्धा-पाऊण इंच खाली-वर झालं असेल तर काळजी नको, भिंत बसते आहे. कुठे तोंड सुतापासून इंचाहून जास्त बाहेर आलं असेल तर खडूने खूण करा. त्या जागी पाचर ठोकून दाबायला जाऊ नका, त्याने दुसरा दगड सुटतो. हिवाळ्यात तेवढाच भाग वरून उतरवा आणि पुन्हा रचा. सिमेंटच्या भिंतीला ही सोय नाही.

फटीत पिंपळाचं किंवा वडाचं रोप दिसलं की दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा. वीतभर झालं की मूळ आत शिरलेलं असतं. शेवाळ आलं, सापसुरळी राहायला आली, तर त्यांना राहू द्या.

उरलेले आठ-दहा बरे दगड आणि चिपांची एक तगारी भिंतीच्या मागे रचून ठेवा, कुणाला देऊन टाकू नका. आमचे निम्मे पहिल्याच दिवाळीपर्यंत लागले.